फुकट बातमीचे मोल : ब्राउझर, जाहिराती आणि वृत्तसंकेतस्थळे

मराठी वृत्तपत्राचा प्रारंभ ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकर यांच्या 'दर्पण'ने झाला. त्याच्याही आधी, १७८० साली कलकत्त्यास निघालेल्या 'बंगाल गॅझेट'च्या पानांवर जाहिराती छापल्या जात होत्या. वृत्तपत्र आणि जाहिरात यांचे नाते असे आरंभापासूनचे आहे. अंकासाठी वाचक जी किंमत मोजतो, तीतून कागद, छपाई, बातमीदारांचे वेतन आणि वाहतूक यांचा संपूर्ण खर्च क्वचितच भागतो. उरलेली तूट जाहिरातदार भरून काढतो. ग. गो. जाधव यांनी १९३०च्या दशकात कोल्हापुरात सुरू केलेल्या 'पुढारी'पासून तालुक्याच्या ठिकाणी निघणाऱ्या लहान साप्ताहिकापर्यंत सर्वांचा हिशेब थोड्याफार फरकाने याच रीतीने मांडला गेला आहे.

वृत्तपत्रे महाजालावर आली तेव्हा हा हिशेब बदलला. बहुतेक संकेतस्थळांनी बातमी वाचकाला विनामूल्य दिली आणि खर्चाचा सारा भार जाहिरातीवर टाकला. पुढे वाचकाच्या हाती जाहिरात अडविण्याचे साधन आले आणि हा एकमेव आधार डळमळू लागला. 'तुम्ही जाहिरातरोधक वापरीत आहात, तो बंद करा' अशी सूचना आज अनेक संकेतस्थळांवर दिसते. ती नेमकी कशामुळे दिसते, तिच्यामागे कोणता झगडा आहे आणि शासकीय कार्यालये, शाळा व ग्रामपंचायती यांचा त्याच्याशी काय संबंध आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पंचगंगेची पातळी आणि बातमीचा खर्च

कोल्हापूर जिल्ह्याला या प्रश्नाची दुसरी बाजूही चांगली ठाऊक आहे. पंचगंगेवरील राजाराम बंधाऱ्याजवळ नदीची पातळी ३९ फुटांवर गेली की ती इशारा पातळी आणि ४३ फुटांवर गेली की धोका पातळी मानली जाते. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरांत पाण्याने हे दोन्ही टप्पे मागे टाकले. पुणे-बंगळुरू महामार्ग बंद पडला आणि अनेक गावांचा संपर्क तुटला. अशा वेळी पातळी किती फुटांवर आहे, कोणता रस्ता बंद आहे, कोणत्या शाळेत निवाऱ्याची सोय आहे, हे जाणण्यासाठी लोक मोबाईलचाच आधार घेतात. वीज गेलेली असते, मोबाईलची बॅटरी जपून वापरावी लागते आणि नेटवर्क क्षीण असते. चार ओळींच्या बातमीबरोबर हलत्या चित्रांच्या जाहिराती उतरू लागल्या, तर पान उघडण्यास विलंब होतो. जाहिराती अडविणाऱ्या वाचकाला ते पान लवकर मिळते आणि त्याची बॅटरीही वाचते.

मात्र बंधाऱ्यावर जाऊन पातळी टिपणारा, शिरोळ आणि करवीर तालुक्यांतील गावांची खबर गोळा करणारा बातमीदार कोणाच्या तरी खर्चाने तेथे उभा असतो. सर्वांनीच जाहिराती अडविल्या आणि कोणीच वर्गणी भरली नाही, तर उद्या त्या बंधाऱ्यावर बातमीदार असणार नाही. वाचकाची सोय आणि बातमीचे उत्पन्न या दोहोंत पडलेली ही ओढ म्हणजेच प्रस्तुत प्रश्नाचे मर्म होय.

जाहिरात पडद्यावर येते कशी?

संकेतस्थळाचे पान उघडून दाखविणाऱ्या संगणकीय साधनाला ब्राउझर किंवा न्याहाळक म्हणतात. क्रोम, फायरफॉक्स, सफारी, एज ही त्यांपैकी सर्वपरिचित नावे होत. छापील अंकातील जाहिरात बातमीबरोबर त्याच छापखान्यात, त्याच कागदावर छापली जाते. महाजालावर तसे घडत नाही. ब्राउझर पानाची मागणी करतो, तेव्हा वृत्तपत्राच्या सर्व्हरकडून मजकूर येतो. त्या मजकुरात जाहिरातीसाठी रिकाम्या चौकटी राखलेल्या असतात आणि 'या चौकटीतील ऐवज अमुक पत्त्यावरून आणावा' अशी सूचना असते. तो पत्ता बहुधा तिसऱ्याच कंपनीचा असतो.

विक्रेता वृत्तपत्राच्या घडीत एखाद्या दुकानाचे हस्तपत्रक सरकवून देतो, त्याची येथे आठवण व्हावी. फरक इतकाच की, कागदी हस्तपत्रक सर्व घरांत एकच असते. महाजालावर मात्र वाचक पान उघडत असतानाच त्या चौकटीचा लिलाव होतो. वाचक कोणत्या गावी आहे, त्याने पूर्वी काय शोधले, त्याच्या हाती कोणता मोबाईल आहे, अशा माहितीच्या आधारे निरनिराळ्या जाहिरातदारांच्या वतीने संगणकच बोली लावतात. हा सारा व्यवहार सेकंदाच्या लहानशा अंशात उरकतो. ही माहिती जमविण्यासाठी 'कुकी' नावाची छोटी नोंद वाचकाच्या ब्राउझरमध्ये ठेवली जाते आणि एका संकेतस्थळावरून दुसऱ्यावर जाणाऱ्या वाचकाचा माग तिच्या साहाय्याने काढला जातो. घरात आलेले हस्तपत्रक घरातील माणसे मोजून परत जावे, तसाच हा प्रकार होय.

अडवणुकीची रीत

जाहिरात वेगळ्या पत्त्यावरून येते, हेच तिला अडविता येण्याचे मुख्य कारण आहे. जाहिरातरोधकाजवळ हजारो नियमांची एक यादी असते. तिला चाळणी म्हणता येईल. ब्राउझर एखाद्या पत्त्याकडे मागणी पाठवू लागला की तो पत्ता या यादीशी ताडून पाहिला जातो. तो जाहिरात कंपनीचा किंवा माग काढणाऱ्या यंत्रणेचा ठरल्यास मागणीच रोखली जाते. जाहिरात उतरतच नाही, त्यामुळे डेटा वाचतो आणि कुकीही ठेवली जात नाही.

दुसरी रीत लपविण्याची आहे. मजकुराबरोबरच आलेली जाहिरात रोखता येत नसेल, तर तिची चौकट तेवढी पडद्यावरून अदृश्य केली जाते. तिसरी रीत ब्राउझरच्या बाहेरची आहे. संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा आकडी पत्ता शोधून देणारी जी यंत्रणा असते, तिलाच जाहिरात कंपन्यांची नावे नाकारण्यास सांगितले जाते. शाळेतील सर्व संगणकांना एकाच ठिकाणाहून संरक्षण देण्यासाठी ही रीत सोयीची ठरते.

या याद्यांपैकी 'ईझीलिस्ट' नावाची यादी विशेष प्रसिद्ध आहे. ती रिक पेटनेल यांनी २००५ मध्ये सुरू केली आणि पुढे स्वयंसेवकांनी ती अद्ययावत ठेवली. जगभरातील कोट्यवधींचा जाहिरात व्यवहार मूठभर स्वयंसेवकांनी राखलेल्या यादीमुळे अडतो, ही गोष्ट मोठी उद्बोधक आहे.

तीस वर्षांचा प्रवास

महाजालावरील पट्टीवजा जाहिरातींचा आरंभ २७ ऑक्टोबर १९९४ रोजी अमेरिकेतील 'हॉटवायर्ड' या संकेतस्थळावर झाला, असे सामान्यतः मानले जाते. काही वर्षांतच मूळ पानावर आपोआप उघडणाऱ्या लहान खिडक्यांच्या, म्हणजे पॉप-अप जाहिराती आल्या. त्यांचा उपद्रव इतका वाढला की, त्यांची संगणकीय आज्ञावली प्रथम लिहिणारे ईथन झुकरमन यांनी २०१४ मध्ये जाहीरपणे दिलगिरी व्यक्त केली. २००४ पर्यंत प्रमुख ब्राउझरांत पॉप-अप रोखण्याची सोय झालेली होती.

हेन्रिक सोरेन्सन या डॅनिश विद्यार्थ्याने २००२ मध्ये 'ॲडब्लॉक' ही जोडणी तयार केली आणि २००६ मध्ये व्लादिमीर पालांट यांनी 'ॲडब्लॉक प्लस' पुढे आणले. २०१५ मध्ये ॲपल कंपनीने आयफोनच्या ब्राउझरमध्ये अशा जोडण्यांना वाव दिला. भारतात लोकप्रिय झालेल्या यूसी ब्राउझरमध्ये ही सोय अंगभूतच होती. जून २०२० मध्ये भारत सरकारने ज्या ५९ उपयोजनांवर बंदी घातली, त्यांत या ब्राउझरचाही समावेश होता.

संकेतस्थळांची प्रत्युत्तरे

उत्पन्न घटू लागल्यावर संकेतस्थळे स्वस्थ बसणे शक्य नव्हते. त्यांनी योजलेले उपाय स्थूलमानाने पाच प्रकारांत मांडता येतात.

पहिला उपाय ओळख पटविण्याचा. संकेतस्थळ पानात एक खोटी चौकट ठेवते आणि तिला जाहिरातीसारखे नाव देते. ती लपविली गेली, तर वाचकाजवळ जाहिरातरोधक आहे हे कळून येते. एकदा ओळख पटली की विनंतीचा संदेश दाखविला जातो किंवा मजकूरच झाकला जातो. जर्मनीतील 'बिल्ड' या वृत्तपत्राने ऑक्टोबर २०१५ मध्ये असे दार लावून घेतले आणि वाचकास जाहिरात किंवा वर्गणी यांपैकी एक निवडण्यास सांगितले. यूट्यूबने २०२३ मध्ये याच दिशेने कडक पावले उचलली.

दुसरा उपाय वेषांतराचा. जाहिरात परक्या पत्त्यावरून न आणता स्वतःच्याच सर्व्हरवरून मजकुरात मिसळून पाठविली जाते. फेसबुकने २०१६ मध्ये आपल्या जाहिरातींची रचना मजकुराशी मिळतीजुळती केली, तेव्हा चाळणीचे नियम लिहिणाऱ्यांनीही लगेच नवे नियम रचले. कुलूप आणि किल्ली यांची ही स्पर्धा अद्याप संपलेली नाही.

तिसरा उपाय तडजोडीचा. ॲडब्लॉक प्लसच्या कंपनीने डिसेंबर २०११ मध्ये 'स्वीकारार्ह जाहिराती' ही योजना काढली. आकाराने लहान, न हलणाऱ्या आणि वाचनात व्यत्यय न आणणाऱ्या जाहिरातींना तीत वाट मोकळी मिळते. तथापि मोठ्या कंपन्यांकडून त्यासाठी मोबदला घेतला जात असल्याने या योजनेवर टीकाही झाली. पहारेकऱ्यानेच दाराशी जकात बसविली, असा आक्षेप घेण्यात आला.

चौथा उपाय वर्गणीचा. जाहिरातीचा आधार कमी करून वाचकाकडूनच मोल घेण्याचा हा मार्ग जुन्या वृत्तपत्रांच्या परंपरेशी सर्वांत जवळचा आहे. परंतु मराठी वाचकास महाजालावर बातमी फुकट मिळण्याची सवय जडली असल्याने तो मार्ग चढणीचा आहे.

पाचवा उपाय न्यायालयाचा. जर्मनीतील ॲक्सेल श्प्रिंगर या प्रकाशनसंस्थेने ॲडब्लॉक प्लसविरुद्ध दावा लावला. जाहिरातरोधक वापरणे हा वाचकाच्या निवडीचा भाग असून तो अनुचित स्पर्धा ठरत नाही, असा निर्णय तेथील सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने १९ एप्रिल २०१८ रोजी दिला. जुलै २०२५ मध्ये मात्र त्याच न्यायालयाने स्वामित्वहक्काच्या मुद्द्यावरील दुसरा दावा फेरविचारासाठी खालच्या न्यायालयाकडे परत पाठविला. वाद संपला असे म्हणता येत नाही.

ब्राउझर कंपन्यांची दुहेरी भूमिका

वाचक आणि वृत्तपत्र यांच्यामध्ये आता ब्राउझर बनविणारी कंपनी तिसरा पक्ष म्हणून उभी आहे. सफारी आणि फायरफॉक्स यांनी वाचकाचा माग काढणाऱ्या कुकी रोखण्याची सोय मुळातच चालू ठेवली. फायरफॉक्सने हे पाऊल सप्टेंबर २०१९ मध्ये सर्व वापरकर्त्यांसाठी उचलले आणि सफारीने मार्च २०२० मध्ये अशा परक्या कुकी पूर्णपणे बंद केल्या. ब्रेव्ह या ब्राउझरमध्ये तर जाहिराती अडविण्याची सोय अंगभूतच आहे.

क्रोमचे प्रकरण निराळे आहे. त्याची मालक असलेल्या गूगल कंपनीच्या उत्पन्नाचा मोठा भाग जाहिरातीतून येतो. फार त्रासदायक जाहिराती दाखविणाऱ्या संकेतस्थळांच्या सर्व जाहिराती रोखण्याची सोय क्रोमने २०१८ मध्ये काही देशांत आणि ९ जुलै २०१९ पासून जगभर सुरू केली. दुसरीकडे, जोडण्यांसाठीचे नवे नियम आणून त्यांचे अधिकार मर्यादित केले. पूर्वी जाहिरातरोधक प्रत्येक मागणी स्वतः तपासून निर्णय घेत असे. नव्या व्यवस्थेत त्याने नियमांची यादी ब्राउझरकडे आधीच सोपवावयाची आणि अंमल ब्राउझरने करावयाचा, असे ठरले. 'यूब्लॉक ओरिजिन' हा प्रसिद्ध जाहिरातरोधक त्यामुळे २०२४-२५ मध्ये क्रोमवरून हटला आणि त्याची मर्यादित आवृत्ती तेवढी राहिली. सुरक्षितता आणि वेग यांसाठी हा बदल केल्याचे कंपनीचे म्हणणे आहे, तर जाहिरातीचे उत्पन्न राखण्यासाठी तो केला असे टीकाकार म्हणतात. मोबाईलवरील क्रोममध्ये अशा जोडण्या बसविताच येत नाहीत, हेही येथे नमूद केले पाहिजे, कारण ग्रामीण भागातील बहुतेक वाचन मोबाईलवरच होते.

जाहिरात महसुलाच्या वाटपाबाबत भारतातील वृत्तपत्रांचीही तक्रार आहे. डिजिटल न्यूज पब्लिशर्स असोसिएशनच्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने जानेवारी २०२२ मध्ये गूगलविरुद्ध चौकशीचा आदेश दिला. यावरून वृत्तपत्रांच्या उत्पन्नाची सर्व गळती जाहिरातरोधकामुळेच होते, असे मानणे एकांगी ठरेल. जाहिरातदाराने मोजलेल्या रुपयातील किती पैसे वृत्तपत्रापर्यंत पोहोचतात, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे.

सुरक्षितता आणि कायदा

जाहिरात अडविण्यामागे केवळ त्रास टाळण्याचा हेतू नसतो. शोधयंत्रावर पैसे भरून जाहिरात लावावयाची, ती बँकेच्या किंवा नामांकित संस्थेच्या संकेतस्थळासारखी भासवावयाची आणि लोकांची खाती रिकामी करावयाची, हा गुन्ह्याचा प्रकार सर्वत्र आढळतो. अमेरिकेच्या एफबीआय या तपास यंत्रणेने डिसेंबर २०२२ मध्ये याविषयी जाहीर इशारा दिला आणि नागरिकांना जाहिरातरोधक वापरण्याचा सल्लाही दिला. सात-बारा उतारा, शिधापत्रिका किंवा शेतकरी योजनेचा अर्ज शोधणाऱ्या ग्रामस्थाने शोधाच्या निकालात सर्वांत वर दिसणारी जाहिरातच अधिकृत संकेतस्थळ समजून उघडली, तर त्याची अशीच फसगत होऊ शकते.

भारतात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये ग्राहकास भुलविणाऱ्या १३ क्लृप्त्यांवर मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. बातमी किंवा अन्य मजकूर असल्याचे भासवून केलेली छुपी जाहिरात ही त्यांपैकीच एक आहे. वैयक्तिक डिजिटल विदा संरक्षण अधिनियम, २०२३ हाही शिक्षकांनी आवर्जून समजून घ्यावा असा कायदा आहे. १८ वर्षांखालील मुलांचा माग काढणे आणि त्यांना उद्देशून लक्ष्यवेधी जाहिराती करणे यांस त्याच्या कलम ९ ने मनाई केली आहे. शासन विहित करील तेवढेच अपवाद त्यास राहतील. या अधिनियमाखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने अमलात आणण्याची योजना आहे.

कार्यालये, शाळा व ग्रामपंचायतींसाठी काही सूचना

या विवेचनातून व्यवहारात उपयोगी पडतील अशा काही गोष्टी निष्पन्न होतात.

पहिली गोष्ट सूचनांच्या नावाविषयी आहे. मराठीत पदभरतीच्या किंवा लिलावाच्या सूचनेलाही 'जाहिरात' म्हणतात. त्यामुळे संकेतस्थळावर अशी चित्रे वा फाईली चढविताना त्यांना 'ॲडव्हर्टाइजमेंट' किंवा 'ॲड' असे इंग्रजी नाव देण्याचा प्रघात पडला आहे. चाळणीतील नियम अशाच शब्दांचा शोध घेतात. पानात बसविलेले सूचनेचे चित्र त्यामुळे काही वाचकांना मुळीच न दिसण्याचा संभव असतो. त्याऐवजी 'भरती', 'सूचना' किंवा 'निविदा' या अर्थाचे नाव द्यावे आणि महत्त्वाचा तपशील चित्रात न ठेवता मजकुरात लिहावा.

दुसरी गोष्ट तातडीच्या संदेशांची. पुराचा इशारा, लसीकरणाची तारीख यांसारखा मजकूर केवळ जाहिरातीच्या चौकटीतून प्रसृत करू नये. जाहिरातरोधक वापरणाऱ्यापर्यंत तो पोहोचत नाही. अशा संदेशास पानाच्या मुख्य भागात जागा असली पाहिजे. ध्वनिक्षेपक आणि फलक यांचेही महत्त्व त्यामुळे कमी होत नाही.

तिसरी गोष्ट शाळांची. विद्यार्थ्यांच्या संगणकांवर माग काढणाऱ्या यंत्रणा रोखणे इष्टच आहे. मात्र जोडणी अधिकृत ठिकाणाहूनच घ्यावी, कारण प्रसिद्ध जाहिरातरोधकांच्या नावांची नक्कल करणाऱ्या बनावट जोडण्याही आढळल्या आहेत. बातमी कोणती आणि जाहिरात कोणती, हे ओळखण्याचा पाठ विद्यार्थ्यांना द्यावा. कोणतेही साधन नसताना तोच त्यांच्या उपयोगी पडेल.

चौथी गोष्ट ग्रामस्थांच्या मार्गदर्शनाची. शासकीय सेवेसाठी शोधाच्या निकालातील जाहिरातीवर न जाता पत्त्याच्या शेवटी 'गव्ह डॉट इन' आहे की नाही ते पाहावे, ही एक सवय लागली तरी पुष्कळ नुकसान टळेल. फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे.

पाचवी गोष्ट स्थानिक वृत्तपत्रांची. ज्या संकेतस्थळाच्या जाहिराती संयत आहेत आणि ज्याची बातमी गावाच्या उपयोगी पडते, त्यास जाहिरातरोधकाच्या अपवाद-यादीत घालता येते. त्यासाठी एक-दोन खुणा कराव्या लागतात, इतकेच. ग्रामपंचायतीच्या वाचनालयाने एखाद्या स्थानिक पत्राची वर्गणी भरली, तर त्याहूनही सरळ मार्ग साधतो.

समारोप

आपल्या पडद्यावर काय यावे आणि आपली कोणती माहिती बाहेर जावी, हे ठरविण्याचा अधिकार वाचकाचा आहे. श्रमाने मिळविलेल्या बातमीचे मोल मागण्याचा अधिकार वृत्तपत्राचा आहे. हे दोन्ही अधिकार एकमेकांचे वैरी नाहीत. वाचकाच्या नकळत त्याचा माग काढणाऱ्या जाहिरात व्यवस्थेने त्यांच्यात वितुष्ट आणले आहे. मजकूर झाकणारी, डेटा खाणारी आणि माणसे मोजणारी जाहिरात अडविली जाणारच. साधी, प्रामाणिक आणि ओळखू येईल अशी जाहिरात वाचकाने पूर्वीही सहन केली आहे, किंबहुना बाजारभाव आणि दुकाने शोधण्यासाठी ती आवडीने वाचलीही आहे. संकेतस्थळांनी त्या मर्यादेकडे परतावे आणि वाचकाने फुकट बातमीमागचा खर्च ओळखावा, यातच दोघांचे हित आहे. पुढच्या पावसाळ्यात पंचगंगेची पातळी जिल्ह्याला वेळेवर कळावी, तर ती कळविणारी व्यवस्था मधल्या काळात जिवंत ठेवणे हे समाजाचेही कर्तव्य आहे.